आफ्रिकन वंशाच्या लोकांवर डॉक्युमेंटरी करताय? जुनं आर्काइव्ह मटेरियल कसं शोधायचं, कसं वापरायचं

सिद्दी समाज, जंजिरा, मलिक अंबर, नाहीतर थेट लंडनमधले कॅरिबियन लोक किंवा अमेरिकेतली गुलामगिरी, अशा विषयावर फिल्म करायचीय पण जुने फोटो, फुटेज, पत्रं आणायची कुठून आणि परवानगी कोणाची घ्यायची हेच कळत नाहीये, असे मेसेज मला अधूनमधून येत असतात. प्रत्येकाला तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. मी आर्काइव्ह रिसर्चचं काम करते. म्हणजे दिग्दर्शक "इथे एक जुना शॉट हवाय" असं म्हणून चहा प्यायला जातो आणि तो शॉट शोधणं, त्याचा मालक शोधणं, भाव ठरवणं, कागद फाईलला लावणं हे सगळं माझ्याकडे येतं.

उदाहरण मुद्दाम नाशिकचं घेतेय. शरणपूर रोडवर मिसळ खायला जाणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतं की चर्च मिशनरी सोसायटीने, म्हणजे सीएमएसने, १८५४ मध्ये तिथे शरणपूर नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं होतं, आणि पुढे ब्रिटिश नौदलाने पूर्व आफ्रिकेच्या समुद्रात गुलाम नेणारी गलबतं पकडून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे तिथे आणून ठेवली. लिहिणं-वाचणं आणि हाताचं काम शिकून यातले बरेच जण परत आफ्रिकेत गेले, इतिहासकार त्यांना बॉम्बे आफ्रिकन्स म्हणतात. आफ्रिकेत मोहिमा काढणारा स्कॉटिश संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याने १८६५ मध्ये आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी नाशिकहून नऊ जण घेतले. नंतर त्याला जाऊन मिळालेला जेकब वेनराइटही नाशिकलाच शिकलेला, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनच्या शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. पुढे मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसलं, तिथेही नाशिकहून गेलेली माणसं होती. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं.

एवढी मोठी गोष्ट, आणि तिचे कागद नाशिक, मुंबई, बर्मिंगहॅम, लंडन आणि मोंबासा असे विखुरलेले. आफ्रिकेतून बाहेर नेलेल्या माणसांच्या इतिहासाचं सगळीकडे असंच असतं.

१. आधी समुद्र ठरवा

हसू नका, पण पहिला गोंधळ इथेच होतो. गुलामगिरी म्हटलं की डोळ्यासमोर अटलांटिक येतो, कापसाची शेतं, साखळदंड. हिंदी महासागरातला व्यापार खूप जुना, त्याची जहाजं वेगळी, गिऱ्हाईकं वेगळी, आणि त्यात गुलाम म्हणून आलेला माणूस सरदार किंवा वजीर होऊ शकत होता. मलिक अंबर इथिओपियातून विकला गेला आणि शेवटी निजामशाहीचा कारभार त्याच्या हातात होता, खडकी म्हणजे नंतरचं औरंगाबाद त्यानेच वसवलं. अमेरिकेतल्या मळ्यावर असं घडणं शक्यच नव्हतं. अर्थात म्हणून इकडची गुलामगिरी सौम्य होती असं निवेदनात ठोकून देऊ नका, पकडून आणलेल्या पोराला कोणी विचारून आणलं नव्हतं.

तर एका ओळीत लिहा: कोणती माणसं, कुठून कुठे, कोणत्या वर्षांत. "आफ्रिकन लोकांचा भारतातला इतिहास" ही ओळ नाही. "१८६० ते १८७५ दरम्यान शरणपूरला राहिलेली मुलं आणि त्यातली फ्रेअरटाउनला गेलेली माणसं" ही ओळ झाली. ही ओळ नसेल तर कोणत्याही आर्काइव्हमधला माणूस तुम्हाला मदत करू शकत नाही, कारण तो पहिला प्रश्न हाच विचारतो.

२. कुठे काय आहे

सगळं सांगत बसत नाही, सुरुवातीला पुरेल एवढंच.

शरणपूरसारख्या विषयासाठी सीएमएसचा मोठा दफ्तरसाठा बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या कॅडबरी रिसर्च लायब्ररीत आहे. मिशनऱ्यांची पत्रं, वार्षिक अहवाल, हिशोब. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीकडे मोहिमांमधल्या आफ्रिकन माणसांचे फोटो आहेत आणि बॉम्बे आफ्रिकन्सवर त्यांनी २००७ मध्ये प्रदर्शनही केलं होतं. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये परराष्ट्र खात्याची एफओ ८४ ही मालिका म्हणजे गुलामांच्या व्यापाराचं खातं, त्यात नौदलाच्या कप्तानांचे रिपोर्ट मिळतात. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे रेकॉर्ड्स, आणि त्यातला आखाताशी संबंधित भरपूर भाग कतार डिजिटल लायब्ररीवर घरबसल्या फुकट वाचता येतो. ही साईट लोकांना माहीतच नसते, आधी तिथे जा.

इकडे मुंबईत महाराष्ट्र राज्य पुराभिलेख, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या बिल्डिंगमध्ये. पुण्याला पेशवे दफ्तर, जंजिऱ्याचा सिद्दी आणि मराठे यांच्यातला पत्रव्यवहार हवा असेल तर तिकडे, पण ते मोडीत आहे, वाचणारा माणूस बजेटमध्ये धरा. गोव्यासाठी पणजीचं पुराभिलेख खातं, तिथे पोर्तुगीज, म्हणजे परत वाचणारा माणूस. आणि जुनी गॅझेटियर्स विसरू नका, नाशिक आणि कुलाबा-जंजिरा या दोन्हींचे मूळ इंग्रजी खंड १८८३ चे आहेत आणि ऑनलाईन सापडतात.

अटलांटिकच्या बाजूला साठा प्रचंड आहे. स्लेव्ह व्हॉयेजेस या डेटाबेसमध्ये ३६,००० च्या वर जहाजफेऱ्या आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेस, न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं शॉम्बर्ग सेंटर, लंडनमध्ये ब्रिक्स्टनचं ब्लॅक कल्चरल आर्काइव्हज. यातलं शॉम्बर्ग आणि ब्रिक्स्टन मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथला साठा कृष्णवर्णीय लोकांनी स्वतः जमवायला सुरुवात केली होती, त्यामुळे तिथे भेटणारी माणसं लग्नात, ऑफिसात, आंदोलनात असतात. सरकारी दफ्तरात तीच माणसं बहुतेक वेळा आकडा, आरोपी किंवा मजूर म्हणून भेटतात.

३. सर्चमध्ये काय टाकायचं

आजचं स्पेलिंग टाकलं तर निम्मं सापडत नाही. नाशिकच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन एस आणि शेवटी सीके असतं. सिद्दीचे सीडी, सिदी, सीदी असे सगळे प्रकार करून बघा, शिवाय हबशी, ॲबिसिनियन, काफ्री. जहाजावर कोळसा ओढणाऱ्या आफ्रिकन खलाशांना नौदलाच्या कागदांत "सीडी बॉइज" म्हटलंय, मग तो माणूस चाळीस वर्षांचा का असेना.

यातले काही शब्द आज शिवी आहेत, सर्चमध्ये टाकावेच लागतात, स्क्रीनवर आणि निवेदनात मात्र अवतरणाशिवाय येता कामा नयेत. आणि नावांचं आणखी एक. मिशनमध्ये आलेल्या मुलांना नवी ख्रिस्ती नावं मिळायची, तीच तीच, त्यामुळे एकाच यादीत दोन-तीन जेकब नाहीतर विल्यम दिसले तर दचकू नका आणि लगेच "हाच तो" असंही म्हणू नका. वय, जहाज, कोणत्या वर्षी आला, काय काम शिकला, हे जुळल्याशिवाय दोन कागदांतला माणूस एकच आहे असं धरायचं नाही.

४. फोटो कोणी काढला, कशासाठी काढला

माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वात महत्त्वाची पायरी आणि बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात. फोटो मिळाला, रेझोल्यूशन चांगलंय, टाइमलाइनवर टाकला. तसं करू नका. या विषयातलं बरंचसं जुनं मटेरियल पकडणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी, राज्य करणाऱ्यांनी किंवा सोडवल्याचं श्रेय घेणाऱ्यांनी तयार केलेलं आहे. ते वापरायचंच नाही असं मी म्हणत नाही, पण कॅमेऱ्यामागे कोण होतं हे प्रेक्षकाला कळायला हवं.

मलिक अंबरचंच घ्या. डब्लिनच्या चेस्टर बीटी लायब्ररीत अबुल हसनने काढलेलं एक अप्रतिम मुघल चित्र आहे, जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आणि भाल्यावर टांगलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. यूट्यूबवर ते चित्र मागे अंबरचा शेवट सांगणारं निवेदन लावून वापरलेलं बघितलंय मी. अहो, असं काही घडलंच नाही! चित्र साधारण १६१६ चं, अंबर म्हातारपणी १६२६ मध्ये वारला, जहांगीरच्या हाती तो कधी लागलाच नाही. जे रणांगणावर जमलं नाही ते बादशहाने कागदावर करून घेतलं. आता हे एका वाक्यात सांगून तेच चित्र दाखवा, सीन कुठल्या कुठे जातो बघा.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं आणि जास्त जड. १८५० मध्ये साउथ कॅरोलिनात जोसेफ झीली नावाच्या फोटोग्राफरने रेंटी, डेलिया अशा गुलाम माणसांचे कपडे उतरवून डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचे जुने फोटो, काढले, हार्वर्डचा प्रोफेसर लुई अगासी याला आपला वंशभेदाचा सिद्धांत सिद्ध करायचा होता म्हणून. १९७६ मध्ये ते हार्वर्डच्या पीबडी म्युझियमच्या माळ्यावर सापडले आणि मग किती पुस्तकांवर, पोस्टरवर छापले गेले. रेंटी आपले पूर्वज आहेत असं सांगत टमारा लेनियर यांनी २०१९ मध्ये हार्वर्डवर केस केली, आणि २०२५ मध्ये तडजोड होऊन ते फोटो चार्ल्स्टनच्या आफ्रिकन अमेरिकन म्युझियमकडे द्यायचं ठरलं. कॉपीराइट केव्हाच संपलेला, म्हणजे कायद्याने कोणीही वापरू शकत होतं. तरी प्रश्न उरलाच की ज्या माणसाला नाही म्हणायची सोयच नव्हती त्याचं उघडं शरीर आपण पुन्हा पडद्यावर मोठं करून दाखवायचं का. मी अशा वेळी दिग्दर्शकाला विचारते की फक्त चेहऱ्यावर काम होईल का, फोटोची पेटी दाखवून होईल का, की फोटो न दाखवता नुसतं नाव घेऊन होईल. बऱ्याचदा होतं.

म्हणून प्रत्येक चित्रासमोर हे लिहून ठेवा: काढलं कोणी, पैसे कोणाचे, पहिल्यांदा छापलं कुठे, मूळ कॅप्शन काय, आणि चित्रातल्या माणसाचं नाव त्यात आहे का. जेकब वेनराइटचा १८७४ चा फोटो आहे, लिव्हिंगस्टनच्या शवपेटीशेजारी उभा. तो फोटो लिव्हिंगस्टनसाठी काढलेला आहे, वेनराइट तिथे निष्ठावंत नोकर म्हणून आहे, ब्रिटिश वाचकाला तेच हवं होतं. पण याच माणसाने स्वतःच्या हाताने डायरी लिहिलेली आहे आणि लिव्हिंगस्टन ऑनलाइन या प्रकल्पाने ती स्कॅन करून ठेवलीय. लिव्हिंगस्टन वारला १ मे १८७३ ला, आजच्या झांबियात, आणि तिथून प्रेत समुद्रापर्यंत खांद्यावर आणणाऱ्या आफ्रिकन लोकांपैकी एकाच्या हातचा तो कागद. लिव्हिंगस्टनचं काळीज पुरलं त्या झाडाखाली अंत्यविधीचा पाठ वाचणारा आणि झाडावर अक्षरं कोरणारा तोच. फोटो आणि डायरी शेजारी शेजारी ठेवा, निवेदकाला गप्प बसवा आणि डायरीतली वाक्यं वाचा. नोकर दिसणारा माणूस लेखक दिसायला लागतो.

तसंच १८६८ मध्ये एचएमएस डॅफ्ने या नौदलाच्या जहाजाच्या डेकवर सोडवलेल्या लोकांचे फोटो क्यूला आहेत. अंगावर हाडं फक्त, बघवत नाही. ते फोटो सरकारकडे रिपोर्टसोबत पुरावा म्हणून गेले होते हे सांगा आणि दाखवताना घाई करा, त्यावर हळूहळू झूम करत करुण बासरी लावू नका प्लीज.

५. लॉगशीट पहिल्या दिवसापासून

कंटाळवाणं आहे, पण नंतर हेच वाचवतं. साधी एक्सेल शीट पुरे. प्रत्येक वस्तूला नंबर, मूळ ठिकाण, त्यांचा कॉल नंबर किंवा रेफरन्स, लिंक, कोणत्या तारखेला मिळालं, लो रेझ की फायनल, हक्क कोणाचे, भाव, लायसन्सची स्थिती, फिल्ममध्ये कुठे येतंय आणि किती सेकंद. फाईलच्या नावातही तोच नंबर. "फायनल_नवीन_२" अशा नावाची फाईल एडिटरला दिली तर तीन महिन्यांनी तो तुम्हाला फोन करणार आणि तुम्हाला आठवणार नाही.

पिंटरेस्टवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो शीटमध्ये घ्यायचाच नाही, जोवर त्याचं मूळ घर सापडत नाही. रिव्हर्स इमेज सर्च करा, सर्वात जुनी आणि सर्वात मोठी प्रत शोधा, बहुतेक वेळा ती कोणत्यातरी लायब्ररीच्या कॅटलॉगला जाऊन थांबते.

६. प्रत्यक्ष जाताना

सोबत काय न्यायचं:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही
- संस्थेचं, प्रोडक्शन कंपनीचं किंवा गाईडचं लेटरहेडवरचं पत्र
- फिल्मचा एक पानी सारांश, त्यात ती वरची एक ओळ
- हव्या असलेल्या फाईलींचे नंबर आधीच कॅटलॉगमधून लिहून
- पेन्सिल, कारण पेन आत नेऊ देत नाहीत
- फोन किंवा कॅमेरा, जादा बॅटरी, दोन हार्ड डिस्क
- पासपोर्ट साईझ फोटो, सरकारी ठिकाणी कधीही मागतात

क्यूला रीडर्स तिकीट फुकट मिळतं आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात. कॅडबरीला आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते. आपल्याकडे सरकारी दफ्तरात परवानगी, मग फाईल मागवणं, मग ती सापडणं असे टप्पे असतात, "नॉट फाउंड" अशी चिठ्ठी परत आली तरी निराश न होता वर्षाचा आगेमागेचा खंड मागा. मला एका ठिकाणी फाईल "जीर्ण आहे, देता येत नाही" असं सांगितलं आणि तिथल्याच एका जुन्या शिपाईकाकांनी तिचा मायक्रोफिल्म असल्याचं हळूच सांगितलं. माणसांशी नीट बोला, कॅटलॉगमध्ये नसलेलं त्यांना माहीत असतं.

अभ्यासासाठी फोटो काढायची परवानगी आणि फिल्ममध्ये वापरायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली की दुसरी मिळाली असं समजू नका, दुसरी लेखी घ्या.

परदेशी जाणं जमत नसेल तर घाबरू नका, फी भरून स्कॅन पाठवतात. पण आधी नेमका रेफरन्स द्या, "शरणपूरबद्दल जे असेल ते पाठवा" याला उत्तर येत नाही, किंवा येतं ते दर तासाच्या रिसर्च फीचं येतं.

७. लोकांच्या घरातलं आर्काइव्ह

सरकारी कागदात माणूस ज्या नजरेने दिसतो त्यावर उतारा म्हणजे घरातले अल्बम, लग्नपत्रिका, चर्चच्या किंवा दर्ग्याच्या वह्या, कॅसेट्स. मोंबासाच्या बाजूला बॉम्बे आफ्रिकन्सचे वंशज आजही आहेत. भारतात सिद्दी लोक गुजरातेत जांबूर, रतनपूर, कर्नाटकात यल्लापूर-हळियाळ पट्ट्यात आणि आपल्याकडे मुरूडच्या बाजूला. यांच्याकडे जाताना "धमाल नाचाचा शॉट द्या" हीच पहिली मागणी असेल तर कृपया जाऊच नका. प्रत्येक कॅमेरावाला तेच मागतो. १९८७ मध्ये स्पोर्ट्स अथॉरिटीने खास योजना काढून सिद्दी मुलांना ॲथलेटिक्ससाठी निवडलं होतं, त्या पिढीकडे मेडलं, कात्रणं, कॅम्पचे ग्रुप फोटो असू शकतात, तेही विचारा की.

मूळ वस्तू घराबाहेर न्यायची नाही, हा माझा पक्का नियम. स्कॅनर किंवा कॅमेरा घेऊन तुम्ही जा, त्यांच्यासमोर कॉपी करा, तिथेच परत द्या. याचं कारण फक्त सभ्यता नाहीये. ब्रिटनमध्ये विंडरशच्या पिढीचं काय झालं ते आठवा. कॅरिबियनमधून कायदेशीर आलेल्या लोकांकडे अनेक दशकांनी राहण्याचे पुरावे मागितले गेले, आणि त्यांची लँडिंग कार्डं, म्हणजे देशात उतरतानाची नोंद, गृहखात्याने २०१० मध्येच नष्ट केली होती, २०१८ मध्ये हे सगळं बाहेर आलं. लोकांना घरातल्या डब्यांतले जुने पगाराचे कागद, शाळेचे दाखले शोधावे लागले. तुमच्यासाठी जो छान टेक्स्चरवाला प्रॉप आहे तो त्यांचा नागरिकत्वाचा पुरावा असू शकतो.

परवानगीचा फॉर्म त्यांच्या भाषेत करा, वाचून दाखवा. कशासाठी वापरणार, कुठे दिसणार, ट्रेलरमध्ये घेतलं तर चालेल का, नको वाटलं तर कधीपर्यंत सांगायचं. आणि स्कॅनची चांगली प्रत पेनड्राइव्हवर आणि प्रिंट काढून परत द्या. जुनी फिल्मची रीळ निघाली आणि व्हिनेगरसारखा वास आला तर ती खराब होतेय, प्रोजेक्टरवर लावून बघायचा उत्साह आवरा आणि थेट स्कॅनिंग लॅबला विचारा.

८. हक्क आणि पैसे

इथे सगळ्यांचे डोळे पांढरे होतात. ढोबळ हिशोब असा: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, फिल्मसाठी प्रकाशनापासून ६०. फोटोंना आधी प्रकाशनापासून ६० होती, २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६०. ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर ७०. अमेरिकेत जुन्या प्रकाशित कामांना प्रकाशनापासून ९५, आणि तिथल्या फेडरल सरकारी कर्मचाऱ्यांनी ड्युटीवर केलेलं काम सुरुवातीपासूनच मुक्त, म्हणून १९३० च्या दशकातले सरकारी योजनेतले कृष्णवर्णीय शेतमजुरांचे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून उतरवून बिनधास्त वापरता येतात. पोटनियम बरेच आहेत, जिथे शंका तिथे कॉपीराइटच्या वकिलाला एकदा फी द्या.

कॉपीराइट संपला तरी स्कॅनची आणि वापराची फी संस्था मागू शकते. विकिमीडियावर आहे म्हणजे सगळं फुकट असंही नाही, खाली लायसन्स वाचा, नाव द्यायची अट असते. संस्थांच्या स्वतःच्या साईटवर तर पुष्कळदा नॉन कमर्शियल असं लिहिलेलं असतं आणि ओटीटीला विकलेली फिल्म त्यात बसत नाही.

सर्वात मोठा सापळा म्हणजे एका क्लिपमध्ये अनेक मालक. जून १९४८ मध्ये एम्पायर विंडरश जहाज टिलबरीला लागलं तेव्हाचं पाथे या कंपनीचं न्यूजरील (थिएटरमध्ये दाखवायची बातमीपट्टी) प्रसिद्ध आहे, त्यात लॉर्ड किचनर हा कॅलिप्सो, म्हणजे कॅरिबियन गाणी म्हणणारा गायक कॅमेऱ्यासमोर लंडनवरचं गाणं म्हणतो. फुटेज पाथेचं, पण गाण्याचे हक्क वेगळे. मार्टिन ल्यूथर किंग यांचं १९६३ चं वॉशिंग्टनचं भाषण तर सगळ्यांना सार्वजनिकच वाटतं, पण त्या भाषणाचा कॉपीराइट त्यांच्या वारसांकडे आहे आणि ते त्याबाबत कोर्टात गेलेले आहेत. न्यूज एजन्सीकडून शॉट विकत घेतला म्हणजे शब्द विकत घेतले असं होत नाही.

दुसरा सापळा मुदतीचा. अमेरिकन नागरी हक्क चळवळीवरची 'आइज ऑन द प्राइझ' ही १९८७ ची मालिका, शेकडो क्लिप, फोटो, गाणी. पैसे कमी म्हणून मर्यादित वर्षांची लायसन्सं घेतलेली, ती संपली आणि इतकी गाजलेली मालिका कित्येक वर्षं टीव्हीवर दाखवताच येईना, नवीन हक्क विकत घेऊन २००६ मध्ये परत आली. तेव्हा भाव विचारताना चार गोष्टी लिहूनच विचारा: कोणते देश, कोणती माध्यमं, किती वर्षं, किती सेकंद. हातात पैसे नसतील तर आधी फक्त फेस्टिव्हलचं लायसन्स घ्या, पण पुढे ओटीटी किंवा टीव्हीला गेलो तर किती लागतील तो आकडा आत्ताच मेलवर लिहून घ्या. फिल्म विकली गेल्यावर विचारलं की भाव बदलतो, साहजिकच.

बहुतेक फुटेज कंपन्या सेकंद किंवा मिनिटावर भाव लावतात आणि किमान एवढ्याचं घ्यावंच लागेल असं असतं. म्हणून एकाच कंपनीकडून जास्त शॉट घ्या आणि घासाघीस करा, विद्यार्थी असाल तर स्पष्ट सांगा. परदेशात पैसे पाठवताना बँक इन्कम टॅक्सचे फॉर्म मागते, रॉयल्टीवर टीडीएसचा प्रश्न येतो, आणि तिकडची कंपनी "आम्हाला पूर्ण रक्कम हवी" म्हणते. सीएला लायसन्स सही करायच्या आधी विचारा.

अमेरिकन फेअर यूजच्या, म्हणजे काही वेळा परवानगीशिवाय वापरू देणाऱ्या सवलतीच्या, भरवशावर राहू नका, आपल्या कॉपीराइट कायद्यातलं तशाच सवलतीचं कलम ५२ जास्त अरुंद आहे.

९. एडिट टेबलवर

अटलांटिकचं चित्र हिंदी महासागरावर लावू नका. माणसं सार्डिनसारखी ओळीत झोपवलेला तो जहाजाचा नकाशा तुम्ही शंभर वेळा बघितलाय, तो ब्रूक्स या लिव्हरपूलच्या जहाजाचा, १७८८ चा, गुलामगिरीविरोधी प्रचारासाठी छापलेला. झांजिबारहून निघालेल्या गलबताच्या गोष्टीत तो टाकला की जाणकार प्रेक्षक तिथेच उठतो. योग्य चित्र नसेल तर आजचा समुद्र दाखवा, कागदावरचं अक्षर दाखवा, काळी स्क्रीन ठेवा.

एका आर्काइव्हने दुसऱ्याला तपासा. विंडरशच्या न्यूजरीलमध्ये नजरेत भरतात ते तरुण पुरुष, सूट-हॅटवाले. पण क्यूला जहाजाची प्रवासी यादी आहे, वय, धंदा, कुठे उतरणार सगळं, आणि १,०२७ प्रवाशांत बायका आहेत, पोलिश निर्वासितही आहेत. फुटेजवर त्या यादीतल्या ओळी आणल्या की न्यूजरीलने काय गाळलं ते आपोआप दिसतं.

लिखित मुलाखतींचंही तेच. अमेरिकेत १९३६ ते ३८ मध्ये गुलामगिरीत जगलेल्या २,३०० हून जास्त लोकांच्या मुलाखती सरकारी योजनेत घेतल्या, पण घेणारे बहुतेक गोरे, आणि बोलीचं स्पेलिंग त्यांनी आपल्या कानाने आणि आपल्या समजुतीने केलेलं. ते नटाकडून जसंच्या तसं नाटकी वाचून घेतलं तर कार्टून होतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या काही माणसांचे खरे आवाजही रेकॉर्ड केलेले आहेत, खरखर आहे, अर्धं कळत नाही, तरी ते वापरा आणि सबटायटल द्या.

तांत्रिक बाजू पटकन: जुनं चौकोनी फुटेज वाइड करायला डोकी कापू नका, बाजूला काळ्या पट्ट्या राहू देत. मूक फिल्म वेगात पळत असेल तर स्पीड दुरुस्त करा, नाहीतर माणसं चार्ली चॅप्लिनसारखी चालतात आणि प्रेक्षक हसतो. नंतर घातलेला आवाज हा नंतर घातलेला आहे हे कुठेतरी कळू द्या. रंग चढवायचं टाळाच, त्वचेचा रंग मशीन अंदाजाने ठरवतं आणि या विषयात तो अंदाज फार महागात पडतो. एआयने बनवलेला "१८६५ चा शरणपूरचा फोटो" तर अजिबात नको. अमेरिकेतल्या आर्काइव्ह प्रोड्यूसर लोकांच्या संघटनेने २०२४ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्यात, वाचून घ्या. बनवलेलं चित्र एकदा नेटवर गेलं की पाच वर्षांनी कोणीतरी ते खरं आर्काइव्ह म्हणून माझ्याकडेच क्लिअर करायला, म्हणजे हक्क मिळवायला, पाठवणार.

१०. पिक्चर लॉक झाल्यावर

लॉक होईपर्यंत, म्हणजे एडिट पक्कं होईपर्यंत, वॉटरमार्कवाली कच्ची प्रतच वापरा, मास्टर मागवू नका, कारण निम्मे शॉट उडतात. लॉक झालं की लॉगशीटमधले सेकंद मोजून फायनल करा, मग लायसन्स सही, मग पैसे, मग मास्टर फाईल, याच क्रमाने. क्रेडिटमध्ये संस्थेने सांगितलेला मजकूर अक्षर न अक्षर तसाच जातो, आणि घरगुती फोटो देणाऱ्या कुटुंबांची नावं, त्यांची इच्छा असेल तर, मोठ्या संस्थांच्या बरोबरीने त्याच अक्षरात. चॅनल किंवा ओटीटी एरर्स अँड ओमिशन्सचा, म्हणजे हक्कांवरून दावा झाला तर उपयोगी पडणारा, विमा मागेल, विमा कंपनी सगळी लायसन्सं आणि रिलीज फॉर्म मागेल, तेव्हा प्रत्येक कागदाचा स्कॅन शीटमधल्या त्याच नंबरने ठेवलेला असला की काम एका दुपारचं. संगीताची क्यूशीट, म्हणजे कोणतं संगीत कुठे किती वेळ याची यादी, वेगळी करा.

मुदतीचं लायसन्स असेल तर संपायच्या सहा महिने आधीचा रिमाइंडर फोनमध्ये आत्ताच लावून टाका, आणि दिग्दर्शकाच्या फोनमध्येही, कारण तोवर तुम्ही दुसऱ्याच फिल्मवर असाल.